लेकीच्या घरचं पाणी

भुशीच्या रस्त्यावर खडी पसरायचं काम चाललं होतं आणि मी मुकादमाशी हुज्जत घालत उभा होतो, तेवढ्यात नवलाख उंबऱ्याहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, आमच्या मेहुण्यांचा गडी सखाराम धापा टाकत येऊन ठेपला. तळेगावपर्यंत पायी, तिथून आगगाडीनं लोणावळा आणि पुन्हा पायी, असा तो आला होता. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं तोंड पुसलं. "पाव्हनं, आबांची वाचा गेली. रजेवर घरी आल्यालं, सकाळच्याला गोठ्याकडं निघालं अन् दारातच आडवं झालं. वयनी म्हंत्यात, ताईला घिऊन या, येळ लावू नका." आबा म्हणजे माझे सासरे आणि ताई म्हणजे माझी बायको. मी तसाच घरी गेलो. तिला सांगितलं तसे तिनं हात धुतले, देवघरात गेली आणि माझ्या आईनं काशीहून आणलेला गंगेचा गडू फडक्यात गुंडाळून घेतला. म्हणजे काय ते ती समजून चुकली होती. दुपारच्या गाडीत ती तो गडू मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती... आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. सासऱ्यांबद्दल जी अढी मनात धरून मी इतकी वर्षं काढली, तिचं आता काय करायचं हे मला कळत नव्हतं.

आबांना जाऊन दीड महिना झाला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, 'सचोटीचे सरकारी हिशेबतपासनीस' म्हणून, आणि त्या वाचून या पुरवणीच्या संपादकांनी निरोप धाडला, की जावई या नात्यानं चार शब्द लिहा. लिहायला बसलो तर पहिल्याच शब्दाशी अडलो. सचोटी हा शब्द खरा आहे, त्यात तिळमात्र खोट नाही. पण ती सचोटी कोणी सोसली, हे दोन ओळींत मावण्यासारखं नाही. म्हणून हा लेख लांबणार आहे, आणि बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचा आमच्यात प्रघात नसताना मी ते घेणार आहे. तिचं नाव सरस्वती. आबा तिला सरू म्हणत.

आबांचं घर शेतकऱ्याचं. भाताची चार खाचरं, दोन बैल, आणि घरात पाटीवर अक्षर काढणारं कोणी नाही. वडगावच्या एका मास्तरांनी त्यांच्या वडिलांच्या हातापाया पडून या पोराला पुण्याला शिकायला पाठवलं. मॅट्रिक होऊन ते सरकारी हिशेबखात्यात कारकून लागले आणि चढत चढत लोकल बोर्डांचे हिशेब तपासू लागले. लोकल बोर्ड म्हणजे गावचे रस्ते, विहिरी, शाळा, गुरांचे हौद. त्याचा पैसा शेतसाऱ्यावरच्या पट्टीतून येतो, म्हणजे लोकांच्याच खिशातून. बोर्डाचे मेंबर तो मंजूर करतात, कामांवर देखरेख करणारे माझ्यासारखे ओव्हरसियर तो खर्ची घालतात, आणि सगळं झाल्यावर तपासनीस येतो. त्याला खर्च थांबवता येत नाही, कोणाला शिक्षा करता येत नाही. तो विचारतो आणि लिहितो. लग्न नवं होतं तेव्हा मी थट्टेनं म्हणालो होतो, "एवढ्यासाठी सरकार पगार देतं?" आबा घरात बोलताना पुण्याची भाषा बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की त्यांच्या तोंडी मावळ येई. ते म्हणाले, "जावईबापू, ज्यानं पट्टी भरली त्यो म्हातारा तुमच्या कचेरीत यिऊन इचारील का, माझ्या पैक्याचं काय केलंत म्हनून? शिपाईच त्याला हाकलून दिईल. मला हाकलता येत न्हाई, म्हणून त्याच्या वतीनं मला धाडत्यात."

सरूची आई मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. थोरला मुलगा गावी शेतीवर राहिला आणि लहानग्या सरूला आबांनी पुण्याच्या आपल्या खोलीवर आणलं. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागं लागले होते, पण ते बधले नाहीत. सकाळी चूल पेटवायची, पोरीची वेणी घालायची, तिला शेजारणीच्या हवाली करून कचेरी गाठायची, असा त्यांचा दिवस असे. सरू सांगते, तिचा भांग लग्नापर्यंत वाकडा होता, कारण आबांना आकड्यांच्या ओळी सरळ मांडता येत, केसांच्या येत नसत. हे सांगताना ती हसायची. अलीकडे सांगत नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि मला मावळ तालुक्यात नेमणूक मिळाली. लोणावळ्याला आम्ही बिऱ्हाड केलं. पुढच्याच हंगामात आमच्या बोर्डाची तपासणी आबांकडं आली. पहिलंच गाव उर्से. माझ्या आधीच्या ओव्हरसियरच्या काळात तिथं गुरांसाठी दगडी हौद बांधला होता. कागद चोख, पावत्या चोख, ठेकेदार पानाचा डबा घेऊन जातीनं हजर. आबांनी कागद वाचले, मिटले, आणि हौदापाशी जाऊन पाटलांना म्हणाले, "भरा बघू." मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. शेजारी पाटलांचीच विहीर होती, मोट धरली, पाणी सोडलं. आबा हौदाच्या कडेला धोतराचा सोगा सावरून बसून राहिले. पाणी अर्ध्यावर चढलं आणि तिथंच थबकलं. मोट थांबवली तसं उतरायला लागलं. बुडाच्या दगडांत चुना घातलाच नव्हता, वरवरचा गिलावा तेवढा होता. आशेनं आलेली गुरं ओल्या दगडाला जिभा लावून परत गेली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, उन्हानं आटलं." आबांनी शांतपणे विचारलं, "ऊन काय बुडाखालनं लागतंय?" सगळं गाव खो खो हसलं. त्या ठेकेदाराकडून पुढं बोर्डानं पैसे परत घेतले, आणि ते तो विसरला नाही.

त्या दिवशीची दुसरी गोष्ट मात्र माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. हौद आटल्यावर पाटलांनी चरवीभर दूध आणवलं. "आबा, घ्या. तुमी तर आमच्याच मावळातलं." आबांनी हात जोडले. "मला चालत न्हाई, पाटील." "उपास हाय जनू?" "व्हय. तपासणी हाय तवर उपासच." आणि ते जांभळीखाली जाऊन बसले, आपली भाकरी सोडली, आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्याले. ज्याचं काम तपासायचं त्याच्या गावचं काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा नियम साऱ्या जिल्ह्यात माहीत होता आणि लोक त्याची टिंगलही करत. मी घरी येऊन सरूला त्याची नक्कल करून दाखवली. हात जोडून, मान थोडी वाकडी करून, "मला चालत न्हाई, पाटील." आम्ही दोघं पोट धरून हसलो...

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबा आमच्याकडं आले. लेकीच्या घरी पहिल्यांदाच. सरूनं ओटा सारवला होता, पुरण घातलं होतं, सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. टांग्यातून उतरले ते आंबेमोहराचं पोतं घेऊन. ओट्यावर टेकले. सरू तांब्या-भांडं घेऊन पुढं झाली. आबांनी भांड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाले, "नको बाय, मला चालत नाही." आमच्या शेजारच्या भागामावशी पाव्हणे बघायला आल्या होत्या. त्यांनी लगेच मान डोलावली. "बराबर हाय. लेकीला ल्योक झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं पानी पिऊ न्हाई. जुनी रीत हाय ती." आबांनी ते ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. टांगेवाल्याला थांब म्हणायला ते वळले होते. सरू भांडं घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा डोळे पुसून आली होती. पुरणपोळी आम्ही दोघांनीच खाल्ली.

मला संताप आला. ही रीत आमच्याकडे आहे, माझ्या आजोबांनी पाळलेली मी बघितली आहे. पण पुण्यात राहिलेला, इंग्रजी वाचणारा, बायको गेल्यावर पोरीची वेणी घालणारा हा माणूस लेकीच्या तोंडावर असं म्हणतो? मनात म्हटलं, किती शिकला तरी अखेर नवलाख उंबऱ्याचाच. उर्स्याला ऐकलेला तोच शब्द, त्याच तोंडचा, तसाच मान वाकडी करून म्हटलेला. आणि मला तो ओळखू आला नाही. तिथं ठेकेदार होता आणि इथं लेक होती, तिथं दूध होतं आणि इथं पाणी, एवढ्यानंच मी फसलो. मी बोर्डाचा ओव्हरसियर होतो. माझंच काम ते तपासत होते. उर्स्याच्या पाटलांना जे लागू, ते मला लागू असणार, हे मला सोडून कोणाला कळायला हवं होतं?

मूल काही झालं नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाई झाल्या, एकवीरेला नवस झाले, कोणी सांगितलं ते अंगारे-धुपारे झाले. आबा वर्षातून चार-सहा वेळा येत. तांदूळ आणत, हुरडा आणत, एकदा लुगडं आणलं. ओट्याच्या टोकाला बसत, सरूला डोळे भरून बघत आणि उठत. घरात पाऊल टाकत नसत. सरू दर वेळी तांब्या बाहेर आणून ठेवी आणि दर वेळी तो तसाच आत नेई. एकदा मी म्हटलं, "आणतेस कशाला?" ती म्हणाली, "बाप दारात आलाय. पाणी विचारू नको?" नंतर नंतर तिनं तोंडानं विचारायचं सोडलं, नुसता तांब्या ठेवायची. त्या तांब्याकडं बघून दर वेळी तिला आपली रिकामी कूस आठवत असेल, याचा विचार मी केला आणि आबांवर आणखी चिडलो. त्यांना जाऊन स्पष्ट विचारावं, हे मात्र सुचलं नाही. नाही, खरं लिहितो. सुचलं होतं. पण विचारलं असतं तर ते 'रीत आहे' म्हणाले असते, मग मला भांडावं लागलं असतं, आणि ते माझे तपासनीस होते.

त्यात भुशीच्या मोरीचं, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाचं, प्रकरण झालं. मंजुरी होती त्या जागी पावसात ओढ्यानं पात्र बदललं, म्हणून मी मोरी थोडी वरच्या अंगाला बांधली. काम फर्मास झालं. तपासणीला आबा आले, मोरीवरून चालले, खाली उतरून कमानीला हात लावून बघितला. "झकास बांधलीय," म्हणाले. माझी छाती फुगली. आणि अहवालात त्यांनी माझ्या नावावर आक्षेप टाकला, की जागा बदलायला मंजुरी घेतली नाही. माझी त्या वर्षीची बढती गेली. मी तणतणत त्यांच्यापुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "मोरी चांगली आहे, हे मी लिहिलंय. तुम्ही विचारलं नाहीत, हेही लिहिलंय. दोन्ही खरं आहे ना?" मी म्हणालो, "विचारत बसलो असतो तर पाऊस आला असता." "येऊ द्यायचा. विचारायचं होतंत, बापू." सासऱ्यानं जावयाला बुडवलं, असं मी कचेरीभर सांगत सुटलो.

गंमत अशी, की त्याच सुमारास वर निनावी अर्ज गेला, सासरा तपासनीस आणि जावई ओव्हरसियर, दोघं मिळून बोर्ड खातात. अर्ज कोणाचा ते आम्हाला कळलं होतं. उर्स्याचा हौद ज्याला भोवला, त्याचा. वडगावला मामलेदारांपुढं चौकशी लागली. आबांची जबानी पुण्याला वेगळी झाली, माझी इथं. माझी नोकरी खरोखरच टांगणीला लागली होती, कारण बोर्डातल्या दोघा-तिघांना माझ्या जागी आपला माणूस हवाच होता. शेजारी म्हणून भागामावशींना बोलावलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मामलेदारांनी विचारलं, "यांचे सासरे यांच्याकडे येतात? जेवतात? राहतात?" मावशी म्हणाल्या, "येत्यात की सायेब. वट्यावर बसत्यात, लेकीला बगत्यात अन् जात्यात. जेवायचं कुटलं, पानी बी पीत न्हाईत." "पाणीसुद्धा नाही? का?" "का म्हंजी? लेकीची कूस न्हाई उजवली, सायेब. बाप कसा पानी पियील?" कचेरीत हशा पिकला. मामलेदारही हसले, आणि ज्या घरचं पाणीही चालत नाही त्या घराशी संगनमत कसलं, असा शेरा मारून त्यांनी प्रकरण मिटवलं. मी माझ्या बायकोचं दुःख भर कचेरीत उघडं पडलेलं बघितलं आणि त्याच क्षणी सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही एकदम झालं, आणि ते मला आजही गिळवत नाही.

घरी मी नुसतं "सुटलो" एवढं सांगितलं. पण मावशी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. संध्याकाळी सरूनं माझं ताट वाढलं आणि म्हणाली, "चला. माझी कूस रिकामी राहिली, त्याचा कुणाला तरी उपयोग झाला." मी खाली मान घालून जेवलो.

त्यानंतर आबा आले की मी मागच्या दारानं कामावर जायचा. समोर आलोच तर हो-नाही करायचा. ते मात्र बोलत, रस्त्यांचं विचारत, पावसाचं विचारत. गेल्या दिवाळीत आले तेव्हा फार खुशीत होते. म्हणाले, "जावईबापू, पेन्शन जवळ आली बरं का. मग येतो निवांत." मी म्हणालो, "या की. ओटा मोकळाच आहे." बोलणं जिव्हारी लागावं म्हणूनच मी तसं बोललो होतो. आबा हसले. "ओट्यावर नाही. तेव्हा आत येईन." सरू दारात उभी होती. ती चटकन आत गेली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं अजून नातवाची आशा सोडलेली नाही. तिलाही तेच वाटलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा सोमवार धरले. या वयात...

तर आम्ही नवलाख उंबऱ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आबांना माजघरात घोंगडीवर निजवलं होतं. उजवी बाजू गेली होती, जीभ वळत नव्हती, पण डोळे जागे होते. सरूला बघून ते हलले. वहिनी, म्हणजे सरूची भावजय, म्हणाली, "ताई, बरं झालं आलात. गंगा आनलीया न्हवं? घाला तोंडात, तुमचीच वाट बगत्यात." सरू उशाशी बसली. गडूच्या तोंडाला कथलाचा डाक लावलेला होता, तो ती विळ्याच्या टोकानं खाली मान घालून फोडत होती. डाक निघाला. आणि ती थांबली. तिनं हळूच वहिनीला विचारलं, "माझ्या घरची आहे. आबांना चालंल का?" जुनी माणसं इकडंतिकडं बघायला लागली. सरूनं गडू बाजूला ठेवला. उठली आणि म्हणाली, "नको. शेवटाला त्यांचं मोडायला नको. वहिनी, तुम्हीच घाला, घरातलं घाला." वहिनीनं रांजणातलं पाणी पळीनं घातलं. ते गालावरून ओघळून घोंगडीत मुरलं. मी पायथ्याशी उभा होतो. दिवेलागणीच्या आधी आबा गेले.

पंधरा दिवसांपूर्वी बोर्डाला नवे तपासनीस आले. तरुण गृहस्थ, आबांच्या हाताखाली शिकलेले. मी रीतीप्रमाणे चहा विचारला, तर म्हणाले, "आणा हो, मला चालतो. आबांइतकं कडक मला जमायचं नाही." मग चहा पिता पिता आपणहून बोलू लागले. "तुमचा तालुका दुसऱ्याकडं द्या म्हणून आबांनी वर किती वेळा लिहिलं, ठाऊक आहे? जावई तिथं आहे म्हणून. दर वेळी उत्तर एकच, दुसरा माणूस नाही, तुम्हीच करा. म्हणून त्यांनी स्वतःला नेम घातला. तपासणी आपल्याकडं आहे तोवर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा नाही. पेन्शनीचा हुकूम हातात पडला की कचेरीतून घरी जाणारच नाही, थेट लोणावळा गाठणार, सरूच्या हातचं पाणी पिणार, असं आम्हाला सारखे सांगायचे." मी बशी खाली ठेवून विचारलं, "हे त्यांनी घरी का नाही सांगितलं?" ते गृहस्थ बुचकळ्यात पडले. "आम्ही विचारलं होतं ना. आबा म्हणाले, जावई खात्यातलाच आहे, त्याला काय सांगायचं? त्यानंच सांगितलं असेल तिला."

खात्यातला... होतो ना. आबांचा कोणता शब्द कोणत्या अर्थानं येतो, हे साऱ्या जिल्ह्यात मला सगळ्यांत जवळून कळायला हवं होतं. ते मला शहाणा समजले आणि मी त्यांना अडाणी समजलो. आबांचंही चुकलं, हे मी लिहितो, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचं, हे भुशीच्या मोरीच्या वेळी त्यांनीच शिकवलं आहे. दुसऱ्याला जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या माणसानं लेकीच्या पाणावलेल्या डोळ्यांचं कारण एकदा तरी विचारायचं होतं. पण त्यांना निदान माझं निमित्त होतं. मी सांगितलं असेल, असा त्यांचा भरवसा होता. मला कोणतं निमित्त आहे? नोकरी मी केली, त्या नोकरीपायी सरूच्या बापाचं तोंड बांधलं गेलं, त्याचा बोल तिच्या कुशीला लागला, आणि त्याच बोलावर माझी नोकरी वाचली.

आठ दिवस मी गप्प राहिलो. आधी वाटलं, गेलेलं माणूस गेलं, आता सांगून तिला कशाला दुखवा. मग लक्षात आलं, की न सांगण्यात तिचं नव्हे, माझं भलं आहे. नवव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, तिथं जाऊन मी सगळं सांगितलं. त्या तपासनिसांनी सांगितलं तसं, काही न वगळता. तिचे हात चालतच होते. खडे बाजूला, तांदूळ बाजूला. मी आबांचं ते पेन्शनीचं, थेट लोणावळ्याचं वाक्य बोललो तेव्हा ते थांबले. तिनं मला दोष दिला नाही. तो द्यावा म्हणून मी तिथं उभा होतो. तिनं वर न बघता विचारलं, "तुम्ही पायथ्याशी होता ना त्या दिवशी? मी गडू फोडत होते, माझी मान खाली होती. मला दिसलं नाही. आबांनी तोंड उघडलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. विचारणारी तीच होती आणि सांगणारा मी एकटाच.

"उघडलं होतं," मी म्हणालो. "तू उठेपर्यंत उघडंच होतं."

तिनं मान हलवली, सूप उचललं आणि आत गेली. त्या दिवशी दुपारी मी कामावरून आलो, तर नेहमीसारखं तिनं पाणी आणलं. पण हातात दिलं नाही, आबांपुढं तांब्या ठेवायची तसं भांडं जमिनीवर समोर ठेवलं आणि मागं सरली. तेव्हापासून रोज तसंच ठेवते. मी वाकून उचलतो आणि पितो. का ठेवते, हे मी अजून विचारलेलं नाही.